हिरड्याचे वस्त्र

काळडोहाचे पाणी ओंजळीत घेतले तर निर्मळ असते. डोहात पाहावे तर शाईसारखे काळे. काठावरच्या दोरीला एक वस्त्र वाळत असते, दुधावरच्या सायीच्या रंगाचे. पाहुण्यांनी विचारले की वृद्ध रंगारी केरोबा आधी त्या वस्त्राला हात जोडतात आणि मग सांगू लागतात.

फार पूर्वी येथे गोंदाजी नावाचा रंगारी राहत असे. त्याची नऊ वर्षांची लेक सगुणा तापाने अंथरुणाला खिळली. दृष्टीही दिवसेंदिवस मावळू लागली. वैद्याने आशा सोडली, तेव्हा तिने बापापाशी एकच मागितले म्हणे. "आबा, सगळे रंग दाखवलेत. आता अवघ्या विश्वाचा मिळून जो एक रंग असेल, तो दाखवा."

गोंदाजीने तिच्या मस्तकावर हात ठेवून शब्द दिला. नीळ, मंजिष्ठ, हळद, पळस, सारे रांजण त्याने एका कढईत ओतले. निघाला तो चिखलासारखा काळा.

"आबा, हे तर म्हशीचं विश्व झालं!" सगुणा हसली.

त्याने ती कढई डोहात रिकामी केली. पाणी तेव्हापासून काळे, असे सांगतात.

मग सगुणेने दाराबाहेरच्या दोरीकडे बोट केले. तेथे हिरड्याच्या काढ्यातून काढलेले कापड वाळत होते. त्या काढ्यावाचून धागा पुढचा रंग धरीत नाही.

"तो बघा, आबा. सगळे ज्याच्यावर बसतात, तोच सगळ्यांचा असेल."

"वेडे, तो रंग नव्हे. ती रंगाआधीची तयारी." कोणताही रंगारी हेच म्हणाला असता. "खरा रंग मी आणतो."

तीन दिवस तो घाटमाथ्यावरच्या रानात अनोळखी मुळे शोधीत हिंडला. चौथ्या सकाळी परतला, तेव्हा अंगणात माणसे जमली होती. शेजारणीने सगुणेला दोरीवरच्याच कापडाने झाकले होते.

"शेवटपर्यंत त्या कापडाकडेच बघत होती," शेजारीण म्हणाली. "'आबांना हाक मारा, म्हणावं सापडला,' असं म्हणायची. मारल्या हाका, भाऊजी. तुम्ही फार लांब होता."

गोंदाजीच्या हातांतली मुळे गळून पडली. त्याने पुन्हा कधी रंगाला हात लावला नाही. रोज एक कापड हिरड्यात भिजवून तो दोरीवर टाकी आणि दिवस मावळेपर्यंत त्याच्यासमोर बसून राही.

सगुणेला दिसला तो विश्वाचाच रंग होता काय, हे केरोबा सांगत नाहीत. आजही या गावात रांजण उघडण्यापूर्वी पहिले कापड हिरड्यातून काढून तसेच वाळत घालतात. परगावचे गिऱ्हाईक म्हणते, "हे रंगवायचं राहिलं वाटतं?"

तेव्हा घरातले वडीलधारे आवाज उतरवून सांगतात, "नाही हो. हे रंगलेलंच आहे."