दलदलीचा बंदोबस्त

त्या राज्यात पाणी पिण्याचा क्रम ठरलेला होता. ज्याचे सुळे लांब तो आधी, ज्याचे आखूड तो नंतर, आणि बिनसुळ्यांनी सर्वांत शेवटी, जे काही गढूळ उरेल ते. हत्ती याला ‘मोकळा पाणवठा’ म्हणत, कारण सुळे वाढवायला कुणालाच बंदी नव्हती. राजा महादंताच्या सुळ्यांची टोकं तर जमिनीला टेकत.

भुरकी हत्तीण बिनसुळ्यांपैकी. तिचा धाकटा भाऊ दांडोबा, त्याला नुकतेच सुळे फुटलेले. आई गेल्यावर भुरकीनंच त्याला वाढवलं होतं आणि तिचा सगळा जीव त्याच्यात होता.

एके दिवशी दूरच्या दलदलीतून काही बगळे धापा टाकत आले. तिथलं एकेक डबकं एकेका बगळ्याच्या मालकीचं. पण एका डबक्यातल्या बेडकांनी म्हणे मालकाला हुसकावून लावलं आणि पाणी सगळ्यांचं केलं. “आज ते डबकं गेलं, उद्या शेजारचं जाईल, परवा त्याच्या पलीकडचं,” बगळे म्हणाले, “आणि शेवटी महाराज, हे तळं!”

महादंताची झोपच उडाली. त्या डबक्याभोवती हत्तींचं कडं उभं करा, एकही बेडूक बाहेर पडता कामा नये, असा त्यानं हुकूम सोडला. पहिल्या तुकडीत दांडोबाचं नाव होतं. मग भुरकी कसली मागे राहते! चिखल कुठे खोल आहे ते मला वासावरून कळतं, असं सांगून तीही निघाली.

कडं उभं राहिलं, अगदी पायाला पाय लावून. पण दोन पायांच्या फटीतून निसटायला बेडकाला जागा अशी कितीशी लागते? बेडूक टुणकन शेजारच्या डबक्यात. मग त्या डबक्याभोवती कडं. हत्ती कमी पडले की महादंत आणखी धाडी. विजय अगदी हाताशी आलाय असा निरोप रोज तळ्यावर जाई, आणि रोज हत्ती चिखलात वीतभर खाली जात.

भुरकीला मात्र कुतूहल स्वस्थ बसू देईना. एवढं आहे तरी काय बाई या बेडकांच्यात? दोन-चार दुपारी ती डबक्याकाठी निवांत बघत राहिली. लहानथोर सगळे एकदम पाण्यात उतरत होते, हे खरंच होतं. बघून तिला हेवा वाटला. पण मधल्या खडकावर एकच जाडा बेडूक बसलेला. तो लावेल त्याच सुरात सगळ्यांनी ओरडायचं, आणि ज्याचा सूर वेगळा लागला तो दुसऱ्या दिवशी कुणाला दिसत नसे.

“हे गं कसं?” तिनं काठावरच्या एका म्हाताऱ्या बेडकीला विचारलं.

बेडकीनं खडकाकडे पाहून आवाज खाली आणला. “ते आमचं आम्ही बघू. तू सांग, तुमच्या तळ्यावर तुझी पाळी कितवी?”

भुरकीला लाज वाटली, रागही आला, पण राग नक्की कुणाचा ते कळेना.

त्याच आठवड्यात दांडोबा छातीपर्यंत रुतला. “ताई, ओढ गं!” एवढंच तो ओरडत होता. भुरकीनं फांद्या मोडून चिखलात टाकल्या, सोंडेत सोंड अडकवली आणि दोन दिवस ओढलं. निघाला एकदाचा, पण मागचा एक पाय कायमचा अधू झाला. ते बघून बाकीच्यांचाही धीर सुटला. महादंतानं सगळ्यांना माघारी बोलावलं आणि दलदलीचा चोख बंदोबस्त झाल्याचं जाहीर केलं. ओल्या जमिनीवरून, अंगावर मणभर चिखल घेऊन, सगळी फौज जड पावलांनी घरी आली.

भाऊ जिवंत परत आला, आता आणखी काही नको, असं भुरकी मनाशी म्हणत होती. आणि एका सकाळी तळ्याच्या काठावर तिला ‘डराव’ ऐकू आलं.

ती आवाजाच्या मागानं गेली. फौज ज्या वाटेनं परतली होती, त्या वाटेवर हत्तीच्या पावलागणिक एकेक खड्डा पडला होता आणि खड्ड्याखड्ड्यात पाणी साचलं होतं. दलदलीपासून थेट इथवर ओळच लागली होती. प्रत्येक खड्ड्यात शेपटीची काळी पिल्लं वळवळत होती. भुरकीला हसू आवरेना.

महादंताला कुठलं हसू! “तुडवा ते खड्डे! आत्ताच्या आत्ता सपाट करा! ज्यांना दलदलीची माहिती आहे ते पुढे.”

म्हणजे त्यात दांडोबाही आला. भुरकी मध्ये पडली. “महाराज, त्याचा पाय गेलाय हो.”

“तीन तर चांगले आहेत,” महादंत म्हणाला.

भुरकीच्या अंगाचा तिळपापड झाला. पण दांडोबा लंगडत निघालाही होता. ती धावत गेली आणि त्याला आपल्या कुशीचा आधार दिला. तळ्यालगतच्या खड्ड्याशी तो थांबला, पुढचा पाय उचलला, आणि साऱ्या देहाचा भार घालून दाबला. खड्डा चेपला, पाणी चहूकडे उडालं.

मग त्यानं पाय काढला. दोघंही मान वाकवून खाली बघू लागली. तिथं आता नवा खड्डा होता, पहिल्यापेक्षा हातभर खोल, आणि त्याच्या तळाशी हळूहळू पाणी झिरपत होतं. काठावर एक बेडूक येऊन बसला होता, ते भरण्याची वाट बघत.