रेषेबाहेरची स्वरांगी

"पण बाई, याहून स्पष्ट आणखी काय असतं?"

अभिरामने लॅपटॉप थेट ओट्यावर ठेवला होता, सोललेल्या कोळंबीच्या ताटलीशेजारी. सकाळच्या एसटीतून उतरून तो जवळजवळ पळतच आला होता. चहासुद्धा घेतला नव्हता.

डॉ. इंदुमती वालावलकरांनी हात धुतले, पदराला पुसले आणि चष्मा लावला. पंचवीस वर्षं त्यांनी मेडिकल कॉलेजात बालरोगशास्त्र शिकवलं होतं. निवृत्तीनंतर मालवणजवळच्या या खाडीकाठच्या गावात त्यांचा लहानसा दवाखाना होता. अभिराम त्यांचा सगळ्यांत हुशार विद्यार्थी. हे बाईंना ठाऊक होतं, आणि अभिरामला जरा जास्तच ठाऊक होतं.

"दोनशे बारा मुलं, बाई! दोन ते पाच वर्षांची, सगळी याच किनाऱ्यावरची. प्रत्येकाच्या रक्तातली फॅटी ॲसिड मोजली, आणि अंगातला दाहही मोजला, म्हणजे आतली सूज. माशातून मिळतं ते ओमेगा थ्री रक्तात जितकं जास्त, तितका दाह कमी. बघा ना, रेषा कशी उतरत गेलीय... घसरगुंडीसारखी!"

पडद्यावर दोनशेच्या वर निळे ठिपके होते. त्यांच्यामधून एक तिरकी रेषा खाली उतरत होती.

बाईंनी रेषा वरून खालपर्यंत न्याहाळली.

"चांगलं काम केलंयस."

अभिरामच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. बाईंच्या तोंडून हे वाक्य ऐकायला त्याला अकरा वर्षं लागली होती.

मग बाईंचं बोट पडद्यावर सरकलं. उजव्या कोपऱ्यात, अगदी वर, एक फिकट करडा ठिपका एकटाच होता.

"हे कोण?"

"तो नाही धरायचा, बाई. ओमेगा थ्री भरपूर, तरी दाह प्रचंड. आदल्या आठवड्यात सर्दीबिर्दी झाली असेल असं समजून काढून टाकला. सगळेच काढतात."

"कोण, असं विचारलं मी."

"एकशे सदतीस नंबर."

"नाव?" बाईंनी चष्म्यावरून विचारलं. 

अभिरामने यादी उघडली. त्याला नाव शोधावं लागलं. "स्वरांगी तांडेल. वय तीन वर्षं दोन महिने. अहो, म्हणजे इथलीच की!"

"रक्त कधी घेतलंस?"

"दोन महिने झाले."

बाईंनी कोळंबीवर झाकण ठेवलं आणि पायांत चपला सरकवल्या. "चल."

तांडेलांचं घर बंदराच्या वाटेवर होतं. अंगणात जाळी वाळत पडली होती. स्वरांगीची आई दीपश्री पायरीवर बसून फाटकं जाळं विणत होती. बाईंना बघून ती उठली, आणि मागून आलेल्या अभिरामला तिने लगेच ओळखलं.

"डॉक्टर, तुमी पोरीचा रगत न्हेलात, त्याचा काय झाला ओ? कोणी कायच सांगूक नाय."

 अभिराम काय सांगणार? आकडा बघून त्याच्या कपाळावर आठी चढली होती, ती मुलीसाठी नव्हती. रेषेसाठी होती.

"मधनंच अंग तापता," दीपश्री सांगत होती. "दोन दिवस जाता, परत येता. आधी बांगडो दिलो तर सगळो संपवी. आता घास तोंडात धरून बसता. वजन पण उतरला. शेजारी म्हणतत, हवा बदलली."

उंबऱ्याआडून स्वरांगी डोकावत होती. गालाची हाडं वर आलेली, डोळे मोठे.

अभिराम चटकन पुढे झाला. स्टेथोस्कोप कानात, हात मुलीच्या पोटाकडे. स्वरांगीने किंकाळी फोडली आणि आईच्या साडीत तोंड खुपसलं.

बाईंनी त्याला नजरेनेच मागे बोलावलं. स्वतः अंगणात मातीवर बसकण मारली, कनवटीची पुडी सोडली आणि त्यातलं मालवणी खाजं तोंडात टाकलं. आलं-गुळाचा वास सुटला. बाई कुरुमकुरुम चावत राहिल्या, मुलीकडे न बघता.

थोड्या वेळाने स्वरांगी शेजारी येऊन बसली. बाईंनी एक तुकडा पुढे केला.

अभिरामला राहवेना. "बाई, आपण निदान ताप तरी..."

बाईंनी नुसता हात वर केला.

तो गप्प झाला. आणि गप्प झाल्यावर, दुसरं काहीच करण्यासारखं नसल्यामुळे, बघू लागला.

मुलगी खाजं चावत नव्हती, चघळत होती. चुकून चावलं की डोकं डावीकडे कलायचं आणि उजवा डोळा घट्ट मिटायचा. पुन्हा तेच. पुन्हा तेच...



"बाई! उजवीकडे! ती उजव्या बाजूला काही जाऊच देत नाहीये!"

या वेळी तोही मातीत बसला. आधी स्वतः मोठ्ठा आ करून दाखवला. स्वरांगी हसली आणि तिनेही आ केला. मोबाईलच्या उजेडात दिसलं: खालच्या उजव्या दुधाच्या दाढेला काळा खड्डा, आणि तिच्या मुळाशी हिरडीवर पुवाने भरलेला फुगवटा.

दुपारच्या आत तो मायलेकींना रिक्षात घालून मालवणला दातांच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. पू काढला, दाढ काढली, औषधं सुरू झाली. परतताना स्वरांगी त्याच्या मांडीवर झोपली होती. दीपश्रीने विचारलं, "ह्या आधी कळला असता काय ओ?"

"हो," अभिराम म्हणाला. "दोन महिन्यांपूर्वीच कळलं असतं. चूक माझी आहे."

 दीपश्रीने मुलीचा घामेजला चेहरा पदराने पुसला.

पाच आठवड्यांनी तो पुन्हा आला. फाटक ढकलतानाच ओरडला, "बाई! स्वरांगीचा रिपोर्ट! दाह पार उतरला. वजन आठशे ग्रॅम वाढलंय. आत्ताच जाऊन आलो, आख्खा बांगडा फस्त करून बसली होती!"

बाई दवाखान्याच्या पायरीवर आल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ते त्यांनी लपवलं नाही.

"आणि ज्यांचा ज्यांचा दाह जास्त होता, त्या एकोणतीस मुलांच्या घरी जायला लागलोय. अकरा झाली! एकाचा कान वाहत होता, एकीच्या पोटात जंत... एका घरी तर चुलीचा इतका धूर, की मीच खोकत बाहेर पळालो. बाई, कागदावर यातलं काहीच नव्हतं!"

बोलता बोलता तो थांबला. धाप लागली होती. मग जरा चाचरत त्याने विचारलं,

"पण बाई, स्वरांगीचा ठिपका परत धरला, तरीही रेषा तशीच उतरतेय. मी पुन्हा पुन्हा तपासलं. म्हणजे माझा निष्कर्ष... खरा आहे ना?"

बाईंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"खराच आहे रे. खोटा असता, तर मला तुझी एवढी काळजी वाटली नसती. रेषा खरी निघाली, की ठिपक्यामागचं मूल बघायला कोणी जात नाही."