तेवढीच वाघूर

“...म्हंजी समद्यास्नी दोनशे पावलंच दिली न्हवं? मग अन्याव कुठं झाला?”

भिवा मिर्ध्यांनी मान वर न करता विचारलं. तळावरचे सगळ्यांत जुने मेंढपाळ ते. वाघुरीला गाठी मारत बसले होते. मेंढरं कोंडायला मेखांवर ताणतात ते दोरीचं जाळं, ती वाघूर.

बिरदेव समोर उभा होता. सात वर्षं लांबच्या शहरात शिकून तो महिन्यापूर्वीच परतला होता. रागाने त्याचा आवाज फाटत होता.

“आबा, दोनशे पावलं ही परिमिती झाली! नुसती कडा. मेंढरं काय कडेवर बसतात? ती आत बसतात. आतल्या जागेचं बोला ना!”

“तू बोल.”

“गायरानात पंचांनी आपापल्या घराला पन्नास लांब, पन्नास रुंद जागा घेतली. अडीच हजार चौरस पावलं. हौसाकाकीला ओढ्याकडेची पट्टी. नव्वद लांब, दहा रुंद. नऊशे! निम्मीसुद्धा नाही. आणि वर तोंड करून सांगतात, सारखी वाटणी केली!”

मिर्धे गाठ आवळत राहिले.

उद्या सकाळी हद्दीचे दगड रोवायचे होते. एकदा पेरण्या झाल्या की शेतात पाऊल टाकता येत नाही. मग चार महिने हौसाबाईच्या साठ मेंढरांना बसायला तेवढीच जागा. नवरा मागच्या साली गेलेला. तिच्या बाजूने बोलणारं कोणी नव्हतं.

“मी बोललो,” बिरदेव म्हणाला. “चावडीत फरशीवर खडूने आकृत्या काढल्या. लांबी गुणिले रुंदी. अर्धा तास समजावलं पंचांना.”

“मग?”

“हसले. म्हणाले, पोरगं लई शिकलंय.”

मिर्ध्यांचा हात थांबला.

“आन् हौसाला?”

“काय?”

“हौसाला समजावलंस?”

“काकीला गणित काय सांगणार, आबा?”

तेवढ्यात हौसाबाईच मेंढरं घेऊन आली. चावडीतली बातमी तिच्यापर्यंत पोचली होती.

“काय रं बिरू, शिकून आलास ते भांडनं लावाया? म्या सोता फिरले त्या पट्टीभवती. कोकरू काखंत घिऊन. दोनशे म्हंजी दोनशे. पंचबी तेवढंच फिरलं.”

“अहो काकी, तुम्हाला लुबाडलंय!”

“गप ऱ्हा. मला मोजाया येतंय.”

मिर्धे उठले. वाघूर त्यांनी बिरदेवच्या अंगावर टाकली.

“लाव.”

बिरदेवने मेखा ठोकल्या. चौकोन झाला. साठ मेंढरं आत गेली, ऐसपैस बसली, रवंथ करू लागली.

“काडा भाईर.”

मेंढरं बाहेर काढली. मिर्ध्यांनी स्वतः मेखा उपटल्या आणि पुन्हा ठोकल्या. दोन लांब रांगा, मध्ये चिंचोळी गल्ली.

“घाल आत.”

मेंढरं घुसली. एकमेकींवर चढली. वाघूर कलली. खालून एक कोकरू किंचाळलं.

हौसाबाई धावली. कोकरू ओढून तिने छातीशी धरलं. मग वाघुरीकडे पाहिलं.

“आबा, कापली व्हय तुमी?”

“मोज.”

ती कडेकडेने हाताने चाचपत निघाली. एकेक गाठ बघत. एक फेरी झाली. कुठेच तुटलेली नव्हती. तिने दुसरी फेरी घातली.

“तेवढीच हाय...”

ती मिर्ध्यांकडे वळली.

“तेवढीच हाय वो आबा!”

तिने कोकरू खाली सोडलं. एकेक मेख उपटली. वाघूर गुंडाळून खांद्यावर टाकली आणि पदर खोचला.

“कुठं निघालीस?”

“चावडीत. पाच पंच हायती. ह्या वाघुरीच्या दोन कडंत बोटभर फट ठिवते आन् तितं बसवते त्यास्नी. सारकीच वाटनी हाय म्हनावं.”

ती गेलीसुद्धा.

“काकी, थांबा!” बिरदेव तिच्यामागे धावला. “मी येतो. पंचांच्या अजून ध्यानातच आलेलं नाही, मी पुन्हा एकदा नीट...”

मिर्ध्यांनी त्याचं मनगट धरलं. हातात काठी दिली आणि मोकळ्या सुटलेल्या मेंढरांकडे बोट दाखवलं.

“ती राख. त्यांच्या ध्यानात आलं नसतं, बिरू, तर एका तरी पंचाच्या वाट्याला अशी पट्टी आली असती.”