टायरची हवा

आमच्या आगारात ड्युटीआधी प्रत्येक ड्रायव्हरला दारू तपासायच्या मशीनमध्ये फुंकावं लागतं. एकोणीस तारखेला सकाळी सहाला डोईफोडे अण्णांनी फुंकलं आणि आकडा आला बेचाळीस. अण्णांनी कधी दारूला हात लावलेला नाही, हे मी त्यांचा कंडक्टर म्हणून चौदा वर्षं पाहतोय. त्यांच्या निवृत्तीला अकरा दिवस उरले होते. आगारप्रमुख तळेकर साहेबांनी त्यांना जागेवरच निलंबित केलं.

"साहेब, मी प्यायलेलो नाही."

"माणूस खोटं बोलतो डोईफोडे, मशीन नाही."

अण्णांनी वाद घातला नाही. समोरच्या टपरीवरून एक फुगा आणला, त्यात पंपाने टायरची हवा भरली आणि मशीनवरच्या कारकुनाला म्हणाले, "नळी नेहमीसारखी सॅनिटायझरने पूस बघू." मग फुग्याचं तोंड ओल्या नळीला लावून हवा सोडली. आकडा आला एकेचाळीस.

"साहेब, आता टायरलाही घरी पाठवा."

सगळे हसले. साहेब मात्र लालबुंद झाले. "मशीन तपासणीला पाठवतो. महिन्याने अहवाल येईल. तोवर आदेश कायम."

"म्हणजे मी दारुडा म्हणूनच निवृत्त होणार?"

साहेबांनी मान खाली घालून कागदावर सही केली.

"मग एवढं तरी सांगा," अण्णा हळूच म्हणाले, "महिनाभर उतरत नाही अशी दारू मिळते कुठे? मला आता तीच लागणार आहे."

या वेळी कुणी हसलं नाही. तीस तारखेला, अण्णांच्या नोकरीच्या शेवटच्या दिवशी, आमची गाडी दुसऱ्याच ड्रायव्हरने नेली.