यादीत नसलेलं नाव

“ऊर्मिलाचं नाव कुठंय?”

उस्तादांनी हे तिसऱ्यांदा विचारलं आणि परीक्षितचा पारा चढला.

“नाही घेतलं! मी तिला नेणार नाही!”

उस्ताद म्हणजे सुभेदार येसाजी डांगे. हयातभर लष्कराच्या गाड्या वाळूत हाकल्या. निवृत्त झाल्यावर साताऱ्याला परतायचं सोडून जैसलमेरच्या पलीकडे झोपडं बांधून राहिले. वाळूत गाडी चालवायला शिकायचं, तर लोक त्यांच्याकडे येत. परीक्षित त्यांचा जुना चेला. यंदाच्या वाळवंटातल्या मोहिमेला पंधरा दिवस उरले होते. गाडी भरून, आखणी दाखवायला तो नाशिकहून मुद्दाम आला होता.

खाटेवर नकाशा पसरलेला. तीन गाड्या, आठ माणसं, चार दिवसांची वाट. मध्ये ना गाव, ना विहीर. तंबू कुठे ठोकायचे, डिझेल किती, फावडी, दोर, औषधं, माणशी रोजचं पाच लिटर पाणी... सगळं मांडलेलं.

उस्तादांनी नावं तेवढी वाचली होती.

“गेल्या सालच्या मोहिमेत तिनं काय केलं, ठाऊक आहे ना?”

“तू सांग.”

“फक्त चाळीस किलोमीटर उरले होते! एक गाडी रुतली, दुसरीचा रेडिएटर गळायला लागला. मी म्हटलं, काढू वाट. तर बाईसाहेबांनी माझ्याच गाडीची किल्ली काढून घेतली आणि टेकाडावर जाऊन बसल्या. परत फिरत असाल तरच देते म्हणे! सगळ्यांदेखत! मी शिकवलेली पोरगी!”

“मग?”

“मग काय, फिरलो. वर्षभर हसताहेत मला.”

“कोण?”

“तेच. माझ्याबरोबर होते ते.”

“म्हणजे जिवंत आहेत हसायला.”

परीक्षितने खाटेवर मूठ आपटली. “भित्री आहे ती, उस्ताद! भित्र्या माणसाचं वाळवंटात काय काम?”

उस्ताद उठले, त्याच्या गाडीचं मागचं दार उघडलं आणि पाण्याचा कॅन ओढून खाली ठेवला. मग दुसरा. मग तिसरा.

“अहो, काय चाललंय? सगळं पाणी माझ्या गाडीत राहणार आहे!”

चौथा. पाचवा. म्हातारा धापा टाकत होता, पण थांबत नव्हता. परीक्षितने हात धरला, तर त्यांनी तो असा झटकला की परीक्षित दोन पावलं मागे सरला. त्यांना इतकं चिडलेलं त्याने कधी पाहिलं नव्हतं.

“भीती नाही, तर पाणी कशाला? ती फिरा म्हणाली, तेव्हा तुला काय वाटलं?”

“राग आला.”

“त्याच्या आधी.”

परीक्षित एक कॅन उचलून परत गाडीत ठेवायला वळला.

“त्याच्या आधी, परीक्षित!”

टाळूला चिकटलेली जीभ त्याला आठवली. स्टिअरिंगवर आवळून धरलेली बोटं आठवली. आणि तिचा तो शब्द कानांवर पडताच छातीवरचा धोंडा उतरला होता, तेही.

वर्षभर हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं.

“हायसं वाटलं,” तो म्हणाला. आणि पुन्हा भडकला. या वेळी कुणावर, ते त्याचं त्यालाच कळेना.

उस्ताद शेवटच्या कॅनवर टेकले.

“फोन लाव तिला.”

“नाही उचलायची. मी नाही नाही ते बोललोय.”

“लाव.”

तिने उचलला. परीक्षित अडखळत बोलला, मग बराच वेळ नुसता ऐकत राहिला. कान लाल झाले. शेवटी फोनवर हात ठेवून त्याने उस्तादांकडे पाहिलं.

“शिव्या घातल्या. आता विचारतेय... ‘मला अजूनही तितकीच भीती वाटते, चालेल का?’”

उस्तादांनी कॅनवर थाप मारली.

“सांग तिला, म्हणूनच सगळं पाणी तिच्या गाडीत राहील.”