काढता येणारे झाकण

एका रसायनशाळेत एकदा एक शिष्या फसलेल्या प्रयोगाची चिमूटभर पांढरी भुकटी घेऊन आपल्या वृद्ध आचार्यांसमोर उभी राहिली. तिला रडू कोसळायचेच बाकी होते. वर्षभर राबून तिने एक अमाइन, म्हणजे अणूंच्या वलयाला नायट्रोजन जोडलेले संयुग, तयार केले होते. त्याच्या वलयावर ब्रोमीनचा एकच अणू, तोही नायट्रोजनच्या अगदी समोर, बसवायचा होता. पण ब्रोमीन पडायचा अवकाश, एकाऐवजी तीन अणू जाऊन बसत. बर्फात ठेवून पाहिले, थेंबथेंब घालून पाहिले. सगळे मुसळ केरात. आता बाटलीत एका प्रयोगापुरतेच अमाइन उरले होते आणि तिची शिष्यवृत्ती संपत आली होती.

"सर, याला नाही म्हणताच येत नाही," ती वैतागून म्हणाली. "येईल त्याला जागा देत सुटतं!"

"तक्रार नक्की कुणाची करतेस?" आचार्य मिस्कीलपणे म्हणाले. सकाळपासून तिने तिघांची कामे करून दिली होती, हे सगळ्या शाळेने पाहिले होते.

मग त्यांनी उरलेले सगळे अमाइन एका तिखट वासाच्या द्रवात ओतले. शिष्या धावत पुढे आली.

"सर! याने नायट्रोजनवर असिटिलचं झाकण बसेल. शेवटी ते काढावंच लागणार. मग घालायचं कशाला?"

"आधी ब्रोमीन घालून बघ. मग भांड माझ्याशी."

या खेपेस ब्रोमीनचा तांबूस रंग सावकाश मावळला. तपासणीत एकच अणू दिसला, हव्या त्या जागी. नंतर आम्लात उकळताच झाकण निघाले आणि नायट्रोजन होता तसा मोकळा झाला.

आचार्य म्हणाले, "नायट्रोजन वलयाला भरभरून देतो, म्हणून तिथली प्रत्येक जागा उतावळी होते. झाकण घातलं की तो बेताने देतो. शेजारच्या जागांना झाकणाचीच अडचण होते, समोरची तेवढी मोकळी राहते. त्याच्या उदारपणात खोट नव्हती, बाई. त्याला थोडा वेळ आवर हवा होता."

शिष्येला ते लागले. "म्हणजे मी कुणाच्या मदतीला जायचंच नाही?"

"असं कोण म्हणालं? कधीच न निघणारं झाकण घातलं असतं, तर तुझं अमाइन तरी उरलं असतं का?"

इतक्यात शेजारच्या टेबलावरून मैत्रिणीने हाक मारली, "अगं, एवढं वजन करून देतेस?"

शिष्येचे पाऊल सवयीने उचलले गेले. समोर गाळणीवर तिचे स्फटिक नुकते जमू लागले होते. ती थांबली.

"हे गाळून होऊ दे, मग येते."

आता मैत्रीण रुसणार, असे तिला वाटले. मैत्रीण नुसती "बरं" म्हणाली आणि स्वतःच तराजूकडे वळली. स्फटिक वाळत ठेवल्यावर शिष्येने हात धुतले आणि ती मैत्रिणीकडे गेली.