मोर छाप हातोडा

फार जुनी गोष्ट आहे. बाळांनो, जरा पुढे सरका. आणि बाळांच्या आजोबांनो, तुम्हीही कान द्या, कारण यातली चूक तुमच्याच वयाच्या माणसाने केली होती.

डोंगराच्या पायथ्याला एक गाव होतं. त्या गावात ना सुतार होता ना लोहार. त्यामुळे ज्याची बैलगाडी त्यानेच ती आपल्या अंगणात दुरुस्त करायची, असा तिथला रिवाज होता. चाकाचा आरा मोडला, लोखंडी धाव ढिली झाली, की घरधनी हत्यारांची पेटी घेऊन गाडीखाली शिरायचा. बायकाही शिरायच्या. सोयरीक जुळवायला आलेले पाहुणे शेत मागून बघायचे, आधी पेटी उघडायला लावायचे.

हत्यारं मात्र बाजारातून यायची. लोहारांची दोन घराणी नावाजलेली होती. नदीअलीकडचे लोहार आपल्या हत्यारांवर मोराची छाप उठवायचे, पलीकडचे कासवाची. दोघांचंही लोखंड चांगलं होतं आणि दोघांनाही लोखंडाला पाणी द्यायची कला अवगत होती. पण माणसाला नुसतं चांगलं पुरत नाही, आपलं ते सगळ्यांत चांगलं असावं लागतं. मग पारावर वाद रंगायचा. मोरवाले म्हणायचे, कासवाच्या हातोड्याने काम करायचं तर दोन पिढ्या लागतील. कासववाले म्हणायचे, तुमचा मोर नाचतो बरा, काम कधी करतो ते कळवा. वाद संपला की हेच लोक एकमेकांची पक्कड मागून न्यायचे, त्यामुळे गाव सुखात होतं.

या गावात लिंबाजी नावाचा एक जण राहायचा. भरघोस मिशीचा, मनाचा साधा आणि छापेच्या बाबतीत कट्टर मोरवाला. बायको लवकर गेली होती. मैना नावाची एकुलती एक लेक त्याने वाढवली, ती शेजारच्या धोंडामावशीच्या मदतीने. मावशी कासववाली होती. दोन अंगणांमध्ये कुडाचं कुंपण होतं आणि त्यावरून वर्षानुवर्षं कोरड्यासाच्या वाट्या आणि टोमणे यांची देवाणघेवाण चालत आली होती.

मैनेचं लग्न झालं, ती घाटापलीकडे सासरी गेली. रिकाम्या घरात लिंबाजीला करमेना. मग त्याने हौस म्हणून मोर छापेची नवी कोरी पेटी आणली. हातोडा, पक्कड, पटाशी, कानस, सगळं लखलखीत आणि प्रत्येकावर पिसारा फुलवलेला मोर. इतकं देखणं हत्यार गाडीच्या तेलकट आसाला लावायचं त्याच्या जिवावर आलं. त्याने ते मऊ कापडात गुंडाळून ठेवलं. रोज सकाळी सोडायचं, पुसायचं, डोळे भरून बघायचं आणि पुन्हा गुंडाळायचं. बैलसुद्धा त्याच्याकडे बघत राहायचे.

खंडेनवमी आली. त्या दिवशी घरोघरी हत्यारांची पूजा होते हे तुम्हाला ठाऊक आहेच. लिंबाजीने पाटावर सगळे मोर मांडले, झेंडूची फुलं वाहिली आणि गावाला दर्शनाला बोलावलं. त्याच्या वडिलांपासून चालत आलेला जुना हातोडा, काळाकुट्ट, दांडा हाताने झिजलेला, तो त्या ओळीत शोभेना. लिंबाजीने तो उचलून कुंपणाशी टाकला. मावशीने विचारलं, मी नेऊ का? तो म्हणाला, खुशाल ने.

जाता जाता मावशीने खोडी काढली. "लिंबाजी, एवढे मोर पाळलेस, त्यांच्याकडून काम कधी करून घेणार?"

लोकांसमोर लिंबाजीला ते झोंबलं. मिशीवर ताव देऊन तो म्हणाला, "मावशी, ऐकून ठेव. मोराशिवाय दुसरं हत्यार माझ्या गाडीला लागलं, तर ही मिशी उतरवीन."

सगळ्यांनी ऐकलं. मिशीचा शब्द म्हणजे काही लहानसहान गोष्ट नव्हती.

हिवाळा लागला आणि घाटापलीकडून निरोप आला. मैनेला सातवा महिना होता आणि तो आता सरत आला होता. आठव्या महिन्यात लेकीला माहेरी पाठवत नाहीत, ही तिकडची जुनी रीत. निरोप्या म्हणाला, मैनेने सांगितलंय, बाबा, उद्याच या, परवापासून आठवा लागतो. आई नसलेल्या मुलीच्या मनात एकच होतं, आपलं पहिलं बाळ धोंडामावशीच्या हातांत जन्मावं. उद्याची गाडी चुकली, तर ते राहूनच जाणार होतं.

लिंबाजी पहाटे उठला. गाडीत गवत पसरलं, त्यावर गोधडी घातली, आसाला वंगण दिलं. आणि तेव्हा त्याला दिसलं, की चाक आसावरून निसटू नये म्हणून टोकाला जी खीळ ठोकलेली असते, ती झिजून झिजून सुईएवढी उरली आहे. अशा खिळीवर घाट चढणं म्हणजे पोटुशी लेक दरीत घालणं. नवी खीळ घरात होती. फक्त ठोकायची होती.

त्याने मोर छाप हातोडा कापडातून काढला, कपाळाला लावला आणि पहिला घाव घातला. दुसऱ्या घावाला हातात नुसता दांडा उरला. हातोड्याचं डोकं भिरभिरत कुंपणावरून गेलं आणि मावशीच्या कोंबड्यांमध्ये जाऊन पडलं.

यात लोहाराची काही चूक नव्हती बरं का. महिनोन्महिने कोरड्यात पडलेलं लाकूड आखडतं. अधूनमधून हातोडा पाण्यात घातला, की दांडा फुगून घट्ट बसतो. हे लिंबाजीला चांगलं माहीत होतं. पण मोर भिजवायचा तर तो गंजेल, या भीतीने त्याने त्याला पाणी म्हणून दाखवलं नव्हतं.

कुंपणावर धोंडामावशीचं डोकं उगवलं. "लिंबाजी, तुझा मोर उडून आमच्याकडं आलाय. धाडू का परत?"

दांडा बसवून, भिजवून, फुगायची वाट बघायची तर दुपार झाली असती. लिंबाजीने अंगणातला एक दगड उचलला. दगडावर कसलीच छाप नसते, म्हणजे मिशीचा शब्दही मोडणार नाही, असा त्याने मनाशी हिशेब केला. दगडाने खीळ वाकडी झाली आणि अंगठा चेचला, एवढंच काय ते झालं.

ऊन वर आलं. बैल जुवाकडे बघत उभे होते. लिंबाजीच्या डोळ्यांपुढे घाटापलीकडचा उंबरा आला. तिथे मैना बोचकं बांधून बसली असेल, आणि प्रत्येक घुंगराच्या आवाजाला उठून दारात येत असेल. मिशी एका बाजूला आणि ती एका बाजूला. आपण एवढा वेळ कशाचा विचार करत होतो, याची त्याला मनापासून लाज वाटली.

तो कुंपणाशी गेला आणि म्हणाला, "मावशी, हातोडा दे. कोणताही दे."

मावशीने कासवाचा हातोडा आणला नाही. तिने खंडेनवमीला नेलेला तो जुनाच त्याच्या हातावर ठेवला. दांड्याची झीज लिंबाजीच्या मुठीत अशी बसली, की चेचलेला अंगठाही दुखायचा थांबला. चार घावांत वाकडी खीळ सरळ झाली आणि आणखी चार घावांत जागेवर गेली. संध्याकाळी दिवे लागायच्या आत मैना मावशीच्या अंगणात उतरली, आणि मावशीने तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला.

दुसऱ्या दिवशी लिंबाजीने स्वतःहून न्हाव्याला बोलावलं. लोक म्हणाले, राहू दे, लेकीसाठी मोडला शब्द, त्यात काय. पण लिंबाजी म्हणाला, बोललो होतो. पारावर सगळ्यांसमोर त्याची मिशी उतरली. मैना हसून हसून इतकी बेजार झाली, की मावशीने तिला दटावून खाली बसवलं.

मग मैनेने तो जुना हातोडा राखेने घासायला घेतला. आजोबांचा हातोडा, त्याची एवढी निगा तरी राखावी, असं तिला वाटलं. तेलाचे आणि काजळीचे थर निघत गेले आणि ती एकदम थांबली. हातोड्याच्या एका अंगाला पुसट रेघा होत्या. आधी तुरा दिसला, मग मान, मग झिजून सपाट झालेला पिसारा.

लिंबाजीने हात ओठांवर नेला, तर तिथे काहीच नव्हतं. तो मावशीकडे वळला. "तुला माहीत होतं?"

"तुझ्या बापानं तो बाजारातून आणला तेव्हा मी या गावात नवी नवरी होते. चांगला लखलखीत मोर होता."

"मग काल का नाही बोललीस? मिशी वाचली असती माझी."

"मिशी वाचली असती," मावशी म्हणाली, "पण तू पुन्हा पेटी उघडून मोर बघत बसला असतास. आणि मिशी काय रे, उगवते."

लिंबाजी सगळ्यांच्या वर आवाज काढून हसला. त्याच दिवशी त्याने नवा हातोडा बादलीभर पाण्यात बुडवला, दांडा घट्ट बसवला आणि मावशीच्या गाडीची ढिली धाव त्याने ठोकून दिली. पटाशी तेलकट झाली, कानशीचे दात भरले, कापड मैनेच्या बाळाच्या दुपट्याला गेलं. बाळ मावशीच्याच हातांत जन्मलं. ते रांगायला लागलं तोवर लिंबाजीची मिशी चांगली वाढली होती, आणि बाळाने पहिली मूठ वळली ती तिच्यावरच.

तात्पर्य : छाप जपत बसलात तर हत्यार लोहाराचंच राहतं, ती कामात झिजली, की हत्यार आपलं होतं.